लग्नाआधीचं पील

तुळशीचं लग्न लागलं की हुबळीच्या दाजीबानपेठेत बस्त्याची गर्दी सुरू होते. साड्या, सोनं, तुळजाभवानीचं दर्शन, आणि अलीकडे याच यादीत नवरीसाठी (आणि बिनबोभाट नवऱ्यासाठीही) एक 'पील'. तेही बहुधा हळदीला आठवडा उरलेला असताना. खरी गडबड इथेच आहे.

पील म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेला मोजून केलेली जखम. सर्वांत जास्त वापरलं जातं ते ग्लायकॉलिक आम्ल. जाहिरातीत त्याच्या शेजारी ऊस उभा असतो. उसात ते असतं हे खरं; पण बाटलीतलं बहुतेक आम्ल कारखान्यात फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइडपासून तयार होतं. रेणू एकच, त्यामुळे त्वचेला काही फरक पडत नाही. उसाचं चित्र गिऱ्हाइकासाठी.

त्वचेच्या अगदी वर मृत पेशींचे थर असतात. त्यांना एकमेकींशी जखडणारे बंध हे आम्ल सैल करतं, थर सुटतो आणि खालच्या पेशी लगबगीनं वर येऊ लागतात. तरुणपणी तळापासून वरपर्यंतचा हा प्रवास साधारण महिन्याभराचा, उतारवयात तो लांबतो. अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू यांनी 1974 साली या जातीच्या आम्लांचा गुण दाखवला तो सुरकुत्यांसाठी नव्हे, तर त्वचेवर खवले धरणाऱ्या इक्थिओसिस या आजारासाठी. सौंदर्याचा बाजार मागाहून आला.

बाटलीवरचा '30 टक्के' किंवा '70 टक्के' हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. आम्लाचा सामू किती आणि ते किती मिनिटं ठेवलं, यावर ते किती खोल जाईल हे ठरतं. म्हणून डॉक्टर घड्याळाइतकंच चेहऱ्याकडे बघत असतात. लाली पसरली, कुठे पांढुरकी झाक दिसली, की लगेच सोड्याचं पाणी. आपल्या स्वयंपाकघरातलाच खायचा सोडा. तो आम्ल मारतो.

आता आपल्या रंगाचा प्रश्न. हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडले, तेव्हा ते गोऱ्यांपुरतेच होते. सावळे आणि काळे वर्ण पाचवा-सहावा प्रकार म्हणून नंतर जोडले गेले. आपल्याकडचे बहुतेक चेहरे चौथ्या-पाचव्यात बसतात. अशा त्वचेतल्या रंगपेशी जखमेला फार चटकन उत्तर देतात: दाह झाला की मेलॅनिन ओततात. पील जरा खोल गेलं, किंवा त्यानंतर ऊन लागलं, तर डाग जाण्याऐवजी नवे उठतात आणि काही महिने मुक्काम करतात. लेझरलाही हेच लागू. म्हणून आपल्याकडे सौम्य पील, दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं, हाच शहाणपणाचा रस्ता. एका बैठकीत कायापालट करून देतो म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

पीलनंतर काही दिवस ब्लीच नाही, स्क्रब नाही, थ्रेडिंग नाही. सनस्क्रीन मात्र रोज, ढगाळ दिवशीसुद्धा. गाडीच्या काचा वर केल्यानं भागत नाही, कारण अतिनील किरणांतले 'ए' गटाचे किरण साध्या काचेतून आत येतात. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र 2012 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं: 28 वर्षं खिडकीकडे राहिलेला त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक.

आणखी एक सवय मोडायला हवी. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेली 'उजळ' करणारी ट्यूब आणायची आणि पीलआधी महिनाभर चोळायची. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसतात, मुरमं येतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

तेव्हा शेवटचं पील आणि मुहूर्त यांत निदान महिना ठेवावा. त्वचारोगतज्ज्ञाला आधीच सांगायच्या गोष्टी दोन: मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, आणि तापानंतर ओठांवर फोड येतात का. ते नागीण-कुळातल्या विषाणूचे असतात आणि पीलनं पुन्हा उसळू शकतात. आधी कळलं तर डॉक्टर त्यावरचं औषध अगोदरच सुरू करतात.