तहसील कचेरीतील निवडणूक शाखा

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत. मोठी शहरे वगळली तर त्यांपैकी बहुतेकांचे निवडणुकीचे काम तहसील किंवा प्रांत कार्यालयातल्या एका शाखेतून चालते. शाखेचा रोजचा भार निवडणूक नायब तहसीलदारावर असतो. हाताखाली एखादा अव्वल कारकून, महसूल सहायक आणि संगणकावर नोंदी करणारा कर्मचारी असतो. कायद्याने जबाबदार असलेला मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे बहुधा त्या भागाचा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी आणि त्याचा सहायक तहसीलदार. निवडणूक जाहीर झाली की बहुतेक ठिकाणी हाच प्रांत निवडणूक निर्णय अधिकारीही होतो. कायदेही या दोन भूमिकांप्रमाणे दोन आहेत. यादी कशी करायची हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात आहे आणि मतदान कसे घ्यायचे हे १९५१ च्या अधिनियमात. मतदानाचा दिवस सगळ्यांना दिसतो, पण त्या दिवशी कोणाला मत देता येईल हे यादीने कितीतरी आधी ठरवून टाकलेले असते. ज्याचे नाव यादीत नाही त्याला खिशात ओळखपत्र असूनही मत देता येत नाही.

यादी मतदारसंघाची असली तरी ती भागांत विभागलेली असते. एक भाग म्हणजे एक मतदान केंद्र. एका केंद्रावर १,५०० पर्यंत मतदार ठेवण्याची पद्धत होती. २०२५ मध्ये भारत निवडणूक आयोगाने ही मर्यादा १,२०० वर आणली. प्रत्येक भागाला एक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असतो. त्याला गावात आणि कचेरीत सगळे बीएलओ म्हणतात. ही स्वतंत्र नोकरी नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, नगरपालिकेचे कर्मचारी आपापले काम सांभाळून ती करतात. गल्लीत कोणते घर कोणाचे, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली, कोणाकडे सून आली, कोणता भाडेकरू गेला, ही माहिती कोणत्याही संगणकात नसते, ती बीएलओकडे असते. यादीची खरी गुणवत्ता त्याच्या पायपिटीवर ठरते आणि त्या मानाने त्याला मिळणारा मान व मोबदला दोन्ही कमी आहेत.

नोंदणी नमुन्यांवर चालते. नव्या मतदारासाठी नमुना ६, परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकासाठी ६ अ, नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावाला हरकत घेण्यासाठी ७ आणि दुरुस्ती, पत्ता बदल किंवा नवे ओळखपत्र यांसाठी ८. मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती मार्च १९८९ पासून लागू झाली. तरीही बरीच वर्षे अडचण अशी होती की वय मोजायची तारीख वर्षातून एकच, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा झाल्या. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो.

अर्ज ऑनलाइन आला तरी तो बीएलओकडे पडताळणीला जातो. तो घरी जाऊन वय आणि वास्तव्याचा पुरावा पाहतो, शेजारी विचारतो आणि शेरा लिहितो. आलेल्या अर्जांच्या याद्या सूचना फलकावर लागतात, राजकीय पक्षांना दिल्या जातात आणि हरकतीसाठी सात दिवस ठेवून मग निर्णय होतो. नाव वगळताना काळजी जास्त घ्यावी लागते. कचेरीच्या भाषेत वगळायची नावे तीन प्रकारची: मयत, स्थलांतरित आणि दुबार. मयताची नोंद ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या मृत्यू नोंदवहीतून मिळते. स्थलांतरिताचे ठरवणे सर्वांत अवघड. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घराला कुलूप दिसले म्हणून ती स्थलांतरित ठरत नाहीत. कायद्यात कसोटी सर्वसाधारण वास्तव्याची आहे आणि तात्पुरते बाहेर गेल्याने ते वास्तव्य संपत नाही. म्हणून नोटीस आणि सुनावणी याशिवाय नाव काढता येत नाही. निर्णय मान्य नसेल तर पहिले अपील जिल्हाधिकाऱ्याकडे आणि दुसरे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे करता येते. अर्जात खोटी माहिती देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यादीच्या कामात कर्तव्यात कसूर करणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र किमान तीन महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद आहे.

पक्षांनाही प्रत्येक भागासाठी आपला मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमता येतो. बीएलओबरोबर बसून त्याने यादी वाचावी अशी अपेक्षा आहे. प्रारूप यादी लागल्यावर दावे आणि हरकतींचा काळ असतो, तेव्हा हे प्रतिनिधी जितके दिसायला हवेत तितके दिसत नाहीत. मतदानाच्या दिवशी यंत्रावर जितके डोळे असतात त्यांच्या निम्मे जरी या काळात यादीवर असते, तरी केंद्राच्या दारातून नाव नाही म्हणून परतणारे पुष्कळ मतदार वाचले असते. उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस संपला की यादी गोठते. त्यानंतर एकही नाव वाढत नाही आणि एकही कमी होत नाही.

निवडणूक जाहीर झाली की शाखेचे रूप बदलते. कचेरीतले सभागृह, जवळचे गोदाम, महाविद्यालयाची इमारत ताब्यात घेतली जाते. विधानसभेच्या उमेदवाराची अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारासाठी त्याच्या निम्मी. छाननी आणि माघार झाली की मतपत्रिकेवरचा क्रम ठरतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावे मुळाक्षरांप्रमाणे. सर्वांत खाली, २०१३ पासून, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटा.

यंत्रे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्यांची. पक्षांच्या प्रतिनिधींसमोर या कंपन्यांचे अभियंते त्यांची प्राथमिक तपासणी करतात. तपासलेल्या यंत्राला लावायचा गुलाबी कागदी मोहरबंद पट्टा आणि मतदानाच्या दिवशी लागणारा हिरवा पट्टा, दोन्ही नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेले असतात. कोणते यंत्र कोणत्या मतदारसंघात आणि पुढे कोणत्या केंद्रावर जाईल, हे संगणक दोन टप्प्यांत सरमिसळ करून ठरवतो. कर्मचाऱ्यांची सरमिसळ तीन टप्प्यांत होते आणि स्वतःच्या मतदारसंघात कोणाला ड्युटी मिळत नाही. त्यामुळे या कर्मचाऱ्यांचे स्वतःचे मत टपाली पडते. पंच्याऐंशी वर्षांवरील आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांग मतदारांना नमुना १२-ड भरून घरूनच मत देता येते. त्यासाठी कर्मचाऱ्यांचे पथक मतपत्रिका घेऊन त्यांच्या दारी जाते.

मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य वाटप होते. केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी मिळून एक पथक. टेबलावर यंत्रे, चिन्हांकित यादी, मतदार नोंदवही, शाई, लाख, दोरा, मोहर आणि निरनिराळ्या पाकिटांचा गठ्ठा मिळतो. त्यातली प्रत्येक वस्तू यादीशी ताडून सही करून घ्यायची असते. मग एसटीच्या गाड्या सुटतात. मतदारसंघ क्रमांक १ असलेल्या अक्कलकुव्यातल्या मणिबेलीला पथक नर्मदेच्या पाण्यातून बोटीने जाते. गडचिरोलीत काही पथके हेलिकॉप्टरने पुढच्या तळावर पोहोचवली जातात आणि सुरक्षेसाठी तिथे मतदान दुपारी तीनलाच थांबवण्याची पद्धत आहे.

मतदान सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान होते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकली जातात आणि प्रत्येक उमेदवाराला काही मते पडतील असे पाहिले जाते. नंतर ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ या क्रमाने बटणे दाबायची. आकडे जुळले की व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या पेटीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढून त्यांच्या मागे शिक्का मारायचा आणि काळ्या पाकिटात मोहरबंद करायच्या. रिकामी पेटी प्रतिनिधींना दाखवायची आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. घाईत ‘क्लिअर’ राहून गेले तर अभिरूप मते खऱ्या मतांत मिसळतात. प्रशिक्षणात हे बटण पुन्हा पुन्हा बजावले जाते ते यासाठी.

मतदार आत आला की पहिला अधिकारी यादीत नाव शोधून अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. मोठ्याने, कारण बाजूला बसलेल्या प्रतिनिधीला आपल्या प्रतीत तो तपासता यावा. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, रोजगार हमीचे जॉबकार्ड अशा बारा पर्यायांपैकी एक चालतो. बीएलओने घरपोच दिलेली मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीवर शाई लावतो. ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते आणि तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीत उतरून टिकते. तोच अधिकारी १७-ए या नोंदवहीत सही किंवा अंगठा घेऊन चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी पाहून कंट्रोल युनिटचे बटण दाबतो, तेव्हाच पडद्याआडचे यंत्र एका मतासाठी उघडते. निवडलेल्या उमेदवाराचे नाव आणि चिन्ह व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसते.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे मतदाराला कळले आणि त्याच्या ओळखीची खात्री पटली, तर केंद्राध्यक्ष त्याला कागदी प्रदत्त मतपत्रिका देतो. ती यंत्रातल्या मतांत मिसळत नाही, स्वतंत्र पाकिटात राहते. प्रतिनिधीला एखाद्याच्या ओळखीबद्दल शंका असेल तर दोन रुपये भरून त्याला आक्षेप घेता येतो. दृष्टिहीन मतदाराबरोबर अठरा वर्षांवरील एक सोबती जाऊ शकतो. त्या सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाई लागते, म्हणजे तो दिवसभरात दुसऱ्या कोणाचा सोबती होऊ शकत नाही.

वेळ संपली तरी रांगेतल्या प्रत्येकाला मत देता येते. केंद्राध्यक्ष सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो आणि पहिला क्रमांक रांगेतल्या शेवटच्या माणसाला देतो. त्यामुळे नंतर आलेल्याला मागे उभे राहून चिठ्ठी मिळवता येत नाही. शेवटच्या मतानंतर ‘क्लोज’ दाबले जाते. यंत्रातली एकूण मते आणि नोंदवहीतल्या सह्या ताडून १७-सी हा हिशेब भरला जातो. त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यावी लागते, आणि मोजणीच्या दिवशी टेबलावर पहिल्यांदा तपासला जातो तो हाच आकडा.

रात्री पथके साहित्य जमा करायला परततात. पाकिटे एकेक करून तपासून घेतली जातात. पहाटेपर्यंत ही रांग चालते आणि दोन दिवसांचे जागरण झालेल्या शिक्षिका, ग्रामसेवक, कारकून तिथे उभे असतात. यंत्रे सुरक्षा कक्षात जातात. दाराला दोन कुलपे, मोहर आणि सशस्त्र पहारा असतो, आणि उमेदवारांची माणसेही बाहेर थांबू शकतात. मोजणीत आधी टपाली मते घेतली जातात. पुढे प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रे चिठ्ठी टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राशी ताडतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या एकावरून पाचवर नेली.

निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. म्हणून १७-ए ची नोंदवही, चिन्हांकित यादी आणि मोहरबंद पाकिटे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवली जातात. ती न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाहीत. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकांच्या निवडणुका वेगळ्या राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत. मात्र त्यांच्यासाठी नवी यादी होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडून वापरतात. त्यामुळे तिच्यात राहिलेली चूक सरपंचापासून आमदारापर्यंत प्रत्येक निवडणुकीत उतरते.