काटेकोरपणा : गुण केव्हा, विकार केव्हा?

स्वच्छ वही व वळणदार अक्षर यांचे कौतुक प्रत्येक शाळेत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु एक अक्षर खोडावे लागले म्हणून जो मुलगा सबंध पान फाडून पुन्हा आरंभापासून लिहू लागतो, आणि उत्तरे येत असूनही ज्याची निम्मी उत्तरपत्रिका कोरी राहते, त्याच्या ठायी काटेकोरपणा हा गुण उरला आहे काय, याचा विचार शिक्षकाने अवश्य करावा.

व्यवस्थितपणा, काटकसर व हट्ट हे तीन विशेष पुष्कळदा एकत्र आढळतात, असे फ्रॉइड याने १९०८ साली लिहिले होते. आज तज्ज्ञ या स्वभावविकृतीस ‘ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या ग्रंथात तिची ८ लक्षणे दिली आहेत : नियम व याद्या यांत गुंतून मूळ हेतू विसरणे, निर्दोषपणाच्या हव्यासाने काम अपुरे राहणे, विश्रांती व मैत्री सोडून कामालाच जुंपून घेणे, नीतिनियमांबाबत ताठरपणा, निरुपयोगी वस्तूही न टाकणे, दुसऱ्यावर काम न सोपविणे, पैशाबाबत कृपणता, आणि हट्ट. यांपैकी किमान ४ लक्षणे तारुण्याच्या आरंभापासून जीवनाच्या अनेक अंगांत टिकून असली, तरच तज्ज्ञ हे निदान करतात.

मंत्रचळ हा याहून निराळा विकार होय. मंत्रचळात नको असलेले विचार पुनःपुन्हा येतात, हात वारंवार धुवावेसे वाटतात, आणि रोगी स्वतःच त्याने त्रासून जातो. स्वभावविकृतीत मात्र माणसाला आपलीच रीत योग्य वाटते. म्हणून तो आपण होऊन मदत मागावयास क्वचितच जातो.

मुलांचा स्वभाव घडत असतो. त्यामुळे १८ वर्षांखालील मुलाबाबत हे निदान सहसा केले जात नाही. शिक्षकाने तर असे नाव मुलास कधीच देऊ नये. त्याने पुढील गोष्टी कराव्यात : शुद्ध कामाबरोबरच पूर्ण झालेल्या कामाचेही कौतुक करावे, चुकलेला शब्द एका रेघेने खोडून पुढे जाण्याची मोकळीक द्यावी, फळ्यावरील स्वतःची चूक वर्गासमोर सहजपणे सुधारावी, चुकीबद्दल मुलाचे हसे करू नये. पालकांशी बोलताना दोषारोप टाळावा. मुलाची झोप, जेवण वा खेळ सुटू लागल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा सल्ला घेण्यास पालकांना सुचवावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

हीच लक्षणे शिक्षकाने स्वतःच्या कामातही पडताळून पाहावीत. मळेल या भीतीने शैक्षणिक साहित्य कुलपात राहिले, तर कपाट नीटनेटके दिसते. परंतु ज्या मुलांसाठी ते साहित्य आणले, त्यांच्या हाती ते कधीच पडत नाही.