पाणी आणि गाणं : एक जानेवारीच्या प्रवासाला निघताना



डिसेंबर सरत आला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये एकच विचारणा सुरू होते, "यंदा कोरेगावले कोण कोण येता?" विहारात वर्गणी जमते, गाडी ठरते, पांढऱ्या साड्या इस्त्री होतात. ३१ डिसेंबरच्या रात्री कोणी हॉटेलात असतं, कोणी केक कापतं. आपलं नवं वर्ष मात्र गाडीतच उजाडतं. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण मागच्या प्रवासाने आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. त्या या पानावर सांगायलाच हव्यात, म्हणजे यंदा तुमच्या उपयोगी पडतील.

मागच्या वर्षी आमची गाडी संध्याकाळी पाचला अमरावतीहून निघाली. मूर्तिजापूरवरून अकोल्याला आलो. तिथल्या बहिणी चढल्या, डबे सुटले. आम्ही प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली दिली. बाळापूर गेलं, खामगाव गेलं, चिखली आली, तरी बाटल्या तशाच भरलेल्या. शेजारच्या मावशींना म्हटलं, "मावशी, पाणी घ्या ना." त्या म्हणाल्या, "नोको वं बाई. मंग घडीघडी गाडी थांबवा लागते. अन् उतरून जावाचं कुठं?"

मावशींचा हा हट्ट नव्हता. बाईमाणसाने रात्री रस्त्यावर जायचं कुठं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपल्या बायांनी आयुष्यभर तहान मारून दिलं आहे. पण शरीर त्याची किंमत वसूल करतं. पाणी कमी आणि लघवी दाबून धरलेली, यातून लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होतो. जळजळ, वारंवार लागणं, ओटीपोटात दुखणं, आणि पुढे थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर बाजूला दुखणं. प्रवासाहून आल्यावर "गाडीच्या धक्क्यांनी कंबर धरली" म्हणून बाया अंगावर काढतात, आणि तोवर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असतो. साखरेचा आजार असेल तर धोका जास्त.

आता थोडं इतिहासात जाऊ. ज्या शूरवीरांना मानवंदना द्यायला आपण जातो, तेही रात्रीच्याच प्रवासाने तिथे पोहोचले होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ती तुकडी शिरूरहून पायी निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला सकाळी कोरेगावला आली. त्या तुकडीत आपले महार सैनिक मोठ्या संख्येने होते. रात्रभर चाललेले, पोटात अन्न नाही, समोर पेशव्यांची कित्येक पटींनी मोठी फौज. भीमा नदी जवळ, पण पाण्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. दिवसभर ते तहानलेले लढले. पाणी मिळालं ते रात्र पडल्यावर.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते आपल्या अमरावतीला परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले. ज्या समाजाने पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, त्या समाजाची बाई हातात भरलेली बाटली धरून रात्रभर कोरडी बसते. आम्हाला हे बरं वाटत नाही. तुम्हालाही वाटू नये.

दुसरी गोष्ट गाण्याची. जालन्याच्या अलीकडे बारा वाजायला आले. ड्रायव्हरदादांचा स्पीकर अकोल्यापासून चालूच होता. मग आमच्यातल्या एकीने तो बंद करायला लावला आणि म्हटलं, आता आपण म्हणू. आधी त्रिसरण-पंचशील झालं. मग सगळ्यांनी मागच्या सीटवरच्या एका ताईंकडे पाहिलं. या ताई लग्नाआधी जयंतीच्या गायन पार्टीत गात. खंजिरी वाजवत. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना पाठ होती. लग्न झालं, मुलं झाली, शेतमजुरी, मग शाळेत खिचडी शिजवायचं काम. वही ट्रंकेत गेली. पंचवीस वर्षं गाणं नाही.

ताईंनी सुरुवात केली. आवाज तोच, पण दुसऱ्या ओळीला दम संपला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. "सवय गेली ना माय," म्हणून त्या हसल्या. बाकीच्यांनी गाणं उचललं, आणि बाराच्या ठोक्याला गाडीत सत्तावीस बायांचा आवाज होता. पण आमच्यातल्या दवाखान्यात काम केलेल्या नजरेला ताईंच्या पापण्यांची आतली बाजू पांढरट दिसली. विचारलं तर जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, वर्षभरापासून पाळीत अंगावरून जास्त जातं. हे त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. गाणं म्हटलं नसतं तर आम्हालाही कळलं नसतं.

परत आल्यावर त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईचं ते १२ किंवा त्याहून जास्त असावं लागतं. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, म्हणून ती तपासणीही करायला सांगितली. ती निगेटिव्ह आली. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि जास्त रक्त जाण्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार झाले. गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. बरं वाटलं म्हणून महिन्यात बंद करायची नाही, हिमोग्लोबिन भरल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घ्यायची. १४ एप्रिलला ताईंनी विहारासमोर दोन गाणी म्हटली, मध्ये न थांबता.

सुटलेला छंद परत धरला की शरीरात काय बिघडलं आहे ते असं समोर येतं. घरकामात धाप लागली तर बाई म्हणते, काम जास्त झालं. गाण्यात धाप लागली की लपवता येत नाही. आणि गाणं श्वासाला वळणही लावतं. सावकाश भरून घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत पुरवून सोडायचा. इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी गाण्याचे वर्ग चालतात ते यासाठीच. मात्र पंप किंवा गोळ्या बंद करून गाणं नाही, त्यांच्या जोडीला गाणं.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगणं आहे. खर्रा खाणाऱ्याने आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून पाहावीत. मावत नसतील, तर ते तोंडाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. लगेच दाखवा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल तर बाई असो की पुरुष, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

यंदाची तयारी

गाडी ठरवतानाच, इसार देण्याआधी, ड्रायव्हरला सांगा की दर दोन-अडीच तासांनी थांबायचं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागतं. दिवे असलेले मोठे पंप आधी ठरवा आणि चार-पाच जणी मिळून उतरा. मग पाणी निर्धास्त प्या. लघवी फिक्कट पिवळी असेल तर पाणी पुरतं आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच प्यावं. थांबलं की चार पावलं चाला, बसल्या जागी पायाचे पंजे वर-खाली करा. एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागलं तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

बीपी-शुगरच्या गोळ्या गाडीच्या टपावरच्या बॅगेत नाही, पर्समध्ये ठेवा. शुगरवाल्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर शुद्धीत असताना लगेच तीन-चार चमचे साखर द्या. स्तंभापर्यंत बरंच चालावं लागतं, शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये.

सिकलसेलची मुलं-मुली सोबत असतील तर जास्त जपा. थंडी, तहान आणि थकवा हीच वेदना उसळवणारी कारणं आहेत, आणि या प्रवासात तिन्ही असतात. स्वेटर, कानटोपी, पाणी, रोजच्या गोळ्या सोबत हव्यात. ताप, छातीत दुखणं, दम लागणं दिसलं तर १०८ ला फोन करा.

आणि गाणं. बाबासाहेबांनी एवढ्या कामाच्या रगाड्यात, प्रकृती साथ देत नसताना, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. आपल्याला ट्रंकेतली वही काढायला वेळ नाही असं कसं म्हणायचं? कोणाची खंजिरी असेल, कोणाची रांगोळी, कोणाचं विणकाम, कोणाची कविता. निघण्याआधी आठ दिवस रोज दहा मिनिटं त्याला द्या. सुटलं का होतं, ते कोणाला सांगत बसू नका.

गाडीची यादी करताना यंदा नाव आणि फोन नंबरापुढे आणखी दोन रकाने काढा : कोणती गोळी चालू आहे, आणि कोणतं गाणं येतं. दोन्ही रकाने भरल्याशिवाय आमची गाडी निघणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!