चार भिंतींतील जीव

पावसाळ्यात जिन्याखाली भिजलेले पिल्लू सापडते, मुले ते वर आणतात आणि करुणेपोटी त्याला सदनिकेत आसरा मिळतो. काही महिन्यांनी तेच मांजर पडदे फाडते, रात्री ओरडते. घरची मंडळी त्याला खोडकर ठरवतात. बहुधा ते कंटाळलेले असते.

बाहेर वाहनांचे भय आणि पक्ष्यांची शिकार, म्हणून मांजर घरात ठेवणे योग्यच. परंतु अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला ‘बंध’ आहे. आसऱ्याचे बंधन होऊ नये, ही जबाबदारी ठेवणाऱ्याची.

मांजर जागा चौरस फुटांत मोजत नाही. त्याला उंची हवी. भिंतीवर पायरीपायरीने दोन-तीन फळ्या बसवाव्यात. लपण्यास दुकानातील रिकामे खोके पुरते. अंग पूर्ण ताणता येईल एवढ्या उंच खांबाला काथ्याची दोरी गुंडाळून दिल्यास सोफा वाचतो. खिडक्यांना भक्कम जाळी अनिवार्य आहे. वरच्या मजल्यांवरून मांजरे पडतात. शौचाचा ट्रे अन्नपाण्यापासून दूर ठेवून रोज स्वच्छ करावा. बोका वारंवार कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. विलंब जिवावर बेततो.

मांजर पहाटे व तिन्हीसांजेला अधिक चपळ असते. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले की दहा मिनिटे दोरीला चिंधी बांधून त्याला पळवावे आणि अखेरीस ती पकडू द्यावी. पकडण्याचे समाधान मिळाले की ते शांत झोपते.

आहाराचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरिन हे आवश्यक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि दूधभातातून ते भागत नाही. त्याच्या अभावी दृष्टी जाते. हृदयही दुर्बल होते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. अनेक प्रौढ मांजरांना तर दूधही पचत नाही. ज्या घरात योग्य अन्न आणणे नियमात बसत नाही, त्या घराने पिल्लाला दूधभाताची सवय लावण्याआधीच पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे आणि मार्ग न निघाल्यास त्याला दुसरे चांगले घर शोधून द्यावे. आपला नियम पाळण्यासाठी मुक्या जिवाला अपुरे अन्न देणे, हा ‘अन्नपाननिरोध’च होय. योग्य हाती सोपवणे, हीही दयाच.