झाडाची साल आहे जी, काही होत नाही!

भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे निघालं की हमरस्त्याच्या कडेला एखादा तंबू हमखास दिसतो. समोर बरण्या, मुळ्या, वाळक्या सालींचे ढलपे आणि मर्दानी ताकदीची पाटी. आठवडी बाजारातही हाच माल सतरंजीवर मांडलेला असतो. घेणाऱ्याला हटकलं की ठरलेलं उत्तर येतं, "झाडाची साल आहे जी, काही होत नाही."

हे ऐकून ऐकून कान किटले. आपल्याकडे हिवताप नवा नाही. जुन्या लोकांनी कोयनेल घेतलेलं आहे आणि त्यानं कान कसे भणभणतात हेही त्यांना ठाऊक आहे. ते कोयनेल सिंकोनाच्या सालीतलंच. सालीत कडू, विषारी द्रव्यं झाड स्वतःच्या बचावासाठी साठवतं, कीड आणि जनावरं लांब राहावीत म्हणून. आपल्या संसारसुखाशी त्याला काय देणंघेणं?

या धंद्यात जगभर नाव झालेली साल म्हणजे योहिंबे. झाड कॅमेरून, गॅबनकडचं, आपल्या जंगलात ते नाही. त्यातलं योहिंबिन शरीरात काम करतं, हे खरं. नॉरॲड्रिनॅलिनला आवर घालणारी खीळ ते काढून टाकतं. मग छाती धडधडते, रक्तदाब चढतो, हात थरथरतात, जीव घाबरतो. नागझिरा-कोक्याच्या आसपास राहणाऱ्यांनी वाघ बेशुद्ध करून पकडल्याच्या बातम्या वाचल्या असतील. झायलाझिन या औषधाची गुंगी उतरवायला पशुवैद्यक जी इंजेक्शनं वापरतात, त्यांतलं एक योहिंबिनचं. गुंगीतल्या जनावराला उठवणारं द्रव्य रक्तदाबाच्या माणसानं अंदाजपंचे चिमटीनं घ्यायचं आणि वर "काही होत नाही" म्हणायचं! बरं, चिमटीत किती आलं हे तरी कळतं का? अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत योहिंबेची 49 उत्पादनं पाहिली गेली. काहींत योहिंबिन अजिबात नव्हतं, काहींत एका मात्रेला 12 मिलिग्रॅमपर्यंत. योहिंबिन किती आणि त्याचे धोके कोणते, हे दोन्ही लेबलवर नीट सांगणारी उत्पादनं फक्त दोन निघाली. ही छापील डब्यांची गत, तर कागदाच्या पुडीचं काय सांगावं?

तंबूतली साल मुळात कशाची, हाच पहिला प्रश्न. मैदालकडीची साल मुरगळल्या-मोडल्यावर लेपाला आणि पोटात "ताकदी"ला देण्याची रीत जुनी आहे. पण झाडावरून उतरून वाळली की बरीचशी साल सारखीच दिसते. एकोणिसाव्या शतकात युरोपात अंगोस्तुरा नावाच्या औषधी सालीत कुचल्याची साल मिसळली गेली आणि माणसं विषबाधेनं दगावली. कुचल्यात स्ट्रिक्निन असतं. झटके येतात, अंग धनुष्यासारखं ताठतं, श्वास अडकतो. तोच कुचला आजही ताकदीच्या नावावर खपतो.

आता "मला तासाभरात गुण आला" म्हणणाऱ्यांकडे वळू. इतका झटपट गुण आला, तर मला आधी भेसळीचा संशय येतो. अशा पुड्यांत ताठरपणासाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळीचं चूर्ण मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. सिंगापुरात 2008 मध्ये तर मधुमेहाची गोळीच निघाली. मधुमेह नसलेल्या 150 जणांची साखर धोकादायक उतरली, चौघे मेले. हृदयरोगी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो. त्याच्या पोटात आधीच सिल्डेनाफिल असेल तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोणताही तंबूवाला विचारत नाही: घरात सिकलसेल आहे का? या आजारात लिंग तासन्‌तास ताठ राहून असह्य दुखण्याचा धोका मुळातच असतो. सिकलसेलच्या रुग्णांना फुप्फुसातल्या दाबासाठी सिल्डेनाफिल देऊन पाहणारी एक चाचणी 2009 साली मध्येच थांबवावी लागली, कारण वेदनेसाठी दवाखान्यात भरती होणारे वाढले. पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे, हे सांगायला नको.

बाकीचे समज थोडक्यात. "आयुर्वेदिक आहे, म्हणजे निर्धोक": कुचला आणि बचनागाला विष आयुर्वेदानंच म्हटलंय, शोधन केल्याशिवाय तो ते वापरत नाही. "चरकानं सांगितलंय": चरकाच्या वाजीकरणात दूध, तूप, उडीद भरपूर आहेत, ते घरीच मिळतात. "अर्जुनसालीनं जोर येतो": परंपरेत ती हृदयासाठी आहे. "जाहिरात आहे, म्हणजे सरकारची परवानगी असणार": लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे.

"वय झालं, दुसरं काय" हा समज मात्र एका वाक्यात उडवण्यासारखा नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे मधुमेहाची किंवा हृदयविकाराची चाहूल कधीकधी आधी तिथेच लागते. साल उकळून पिण्यात सहा महिने घालवलेला माणूस साखर तपासायचे सहा महिने घालवून बसतो. लाज वाटते, कबूल. पण साखर आणि रक्तदाब तपासताना कारण सांगावंच लागतं असं नाही.

आणि पुडी घेऊन झालीच असेल, तर छातीत दुखणं, झटके, घाम सुटून भोवळ, किंवा चार तासांनीही न उतरणारा ताठरपणा, यातलं काहीही झालं तर तडक सरकारी दवाखाना गाठा. उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.