कल्पनेतल्या रणगाड्यावरचा खरा गंज

खेळण्यातला सैनिक जितका नवा तितका चांगला, अशी आपणा सर्वांची समजूत असते. पण आज ज्या सैनिकांचा विचार करावयाचा आहे, त्यांच्या मालकांना ही कोरी चकाकी मुळीच खपत नाही. पेरभर उंचीची माणसे आणि त्यांची वाहने आधी मन लावून रंगवायची आणि मग तितकेच मन लावून मळवायची, असा त्यांचा उद्योग.

टेबलावर सैन्ये मांडून, फासे टाकून लढाया खेळण्याचा हा छंद इंग्लंडात चांगलाच रुजला आहे. मौज अशी की, मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी १८९८ मध्ये पुस्तकरूपाने देणाऱ्या एच. जी. वेल्सनेच १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम सांगितले. त्या दोहोंची सांगड मात्र इतरांनी घातली. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा एकेचाळिसाव्या सहस्रकातला युद्धखेळ १९८७ मध्ये निघाला. त्याआधी, १९७७ मध्ये, जॉर्ज लुकासच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाने एक मोठाच धडा घालून दिला होता. त्यातल्या यानांच्या प्रतिकृतींवर बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या संचांतले सुटे भाग चिकटवलेले होते, आणि त्या मुद्दाम धुरकट, खरचटलेल्या ठेवल्या होत्या. प्रेक्षकाने असले यान कधी पाहिलेले नव्हते. जुना ट्रक मात्र पाहिलेला होता. त्या ओळखीवर तो यानावर विश्वास ठेवी.

आता कृतीकडे वळू. अठ्ठावीस मिलिमीटरांच्या बाहुलीच्या अंगरख्याची चुणी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिच्यात सावली पडते, पण हातभर अंतरावरून ती दिसत नाही. म्हणून ती रंगानेच घालावी लागते. अस्तराचा आणि मूळ रंगाचा हात वाळला की अगदी पातळ, काळपट रंग वरून सोडतात. तो आपोआप खोबणीत ओढला जातो आणि तेथेच वाळतो. मग कुंचला रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईतो फडक्याला पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. एवढ्याने बाहुली उठून दिसते.

खरी कसोटी पुढे, झीज दाखवण्यात. स्पंजाच्या तुकड्याने गडद तपकिरी ठिपके उमटवले की रंग उडाल्याचा भास होतो. जाणता माणूस प्रत्येक ठिपक्याच्या खालच्या कडेला एक फिकट रेघ ओढतो, कारण टवका उडालेल्या जागी वरून येणारा उजेड खालच्या काठावर पडतो. दुसरी रीत आम्हांला अधिक आवडते. गंजाच्या रंगावर वार्निश, त्यावर केसांना मारायचा फवारा, आणि त्यावर वाहनाचा रंग. हा शेवटचा हात वाळला की तो पाण्याने ओला करून ताठ कुंचल्याने घासायचा. पाणी आत झिरपते, फवाऱ्याचा थर विरघळतो आणि रंगाचे खरोखरीचे पोपडे निघतात.

नवशिका येथे हुरळतो आणि सगळीकडे गंज फासतो. वास्तविक आधी विचारायला हवे की, हे वाहन कोण, कोठे, कसे वापरते? रंग जाईल तो दाराच्या कडेचा आणि चढताना पाय पडतो तेथला. चिखल साखळपट्ट्यांजवळ, काजळी धुराड्याच्या तोंडाशी, ओघळ खिळ्यांपासून सरळ खाली. ॲल्युमिनियमचा पत्रा तांबूस होत नाही. त्यावर पांढुरकी बुरशीसारखी पूड धरते. रखरखीत वाळवंटी ग्रहावर धूळ आणि उन्हाने विटलेला रंग शोभेल, गंज थोडाच. ज्याने कधी निर्वात अवकाश सोडलेच नाही, अशा यानावर तांबडे ओघळ काढणाऱ्याला तर कोणीही विचारील, तेथे ओल आली कोठून?