सूर्यास्तापूर्वी चित्रदुर्ग

आमच्या घरातील पुरुषांना देशाचा नकाशा बाजारभावांवरून पाठ आहे. निपाणी म्हणजे तंबाखू, संकेश्वर म्हणजे मिरची, ब्याडगी म्हणजेही मिरचीच पण निराळी, दावणगेरे म्हणजे एके काळच्या कापडगिरण्या आणि तिपटूर म्हणजे खोबरे. या गावांच्या दरम्यान काही डोंगर, नद्या अथवा देवळे असलीच, तर ती त्यांच्या लेखी केवळ अंतर वाढवण्याकरिता ठेवलेली असतात. अशा मंडळींना एका गाडीत बसवून सांगलीहून श्रवणबेळगोळपर्यंत, सहाशेहून अधिक किलोमीटर न्यावयाचे, हा हट्ट आमच्या सासूबाईंचा.

हट्टामागे कारण होते. दोन वर्षांपूर्वी मार्केट यार्डातील आमच्या हळदीच्या अडतीची वाटणी झाली. माझे यजमान थोरले, दीर धाकटे. भांडण असे काही झाले नाही. झाले असते तर मिटलेही असते. गाळे दोन झाले, मुनीम दोन झाले, आणि दोघा भावांमधील बोलणे मुलांच्या मार्फत होऊ लागले. "पप्पांना सांग, वखारीची किल्ली पाठवायची आहे," एवढेच. आम्ही दोघी जावा मात्र पूर्वीप्रमाणेच एकमेकींकडे पापड लाटावयास जात होतो. वाटणीच्या कागदावर आमची सही कोणी मागितली नव्हती.

यात्रेचा विषय निघाला तेव्हा दोन्ही घरांनी आपापली गाडी काढावयाची तयारी दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "दोन गाड्या निघणार असतील तर मी येत नाही. मला अर्धी अर्धी करून नेणार आहात काय?" विषय तेथेच संपला. सतरा आसनांची ट्रॅव्हलर ठरली, आम्ही तेरा जण ठरलो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ठरला, कारण मुलांना सुट्टी होती आणि नवी हळद यार्डात यावयास अवकाश होता.

जैन कुटुंबाचा लांबचा प्रवास म्हणजे चाकांवर ठेवलेले स्वयंपाकघर, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, बाहेरचे शक्यतो नाही, सूर्यास्तानंतर तर काहीच नाही. जाऊबाईंनी आणि मी दोन दिवस खपून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, बिनलसणीचा भडंग आणि गूळ-पोळ्या असे अकरा डबे भरले. गाळून उकळलेल्या पाण्याची पितळी कळशी निराळी. गाडीत तेरा माणसे आणि अकरा डबे एकदम मावेनात, तेव्हा सात डबे सामानासह टपावर गेले. यजमानांनी वर ताडपत्री घातली आणि स्वतःच्या हातांनी दोर आवळला. पोत्यांच्या थप्पीवर दोर आवळण्याचे शिक्षण त्यांना वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांकडून मिळाले आहे. ती गाठ वादळातही सुटत नाही.

पहाटे पाचला निघावयाचे ठरले होते. निघालो सहा चाळीसला. कळशीचे झाकण, सासूबाईंची जपमाळ आणि आतेसासूबाईंची कवळी अनुक्रमे विसरली, आठवली आणि परत जाऊन आणली गेली.

जयसिंगपूर मागे पडते न पडते तोच धाकट्या पुतण्याला गाडी लागली. चालक बिचारा भला माणूस. त्याने खिशातून आल्याचा तुकडा काढून पुढे केला. सासूबाईंनी तो नम्रपणे नाकारून पदराच्या गाठीतून सुंठ काढली. ओले आले वर्ज्य, सुंठ चालते, हे चालकाला समजावताना त्यांनी आमच्या धंद्याचा दाखला दिला: "आमच्या घरात ओली हळद शिजत नाही रे बाबा, पण वाळल्या हळदीवर आमच्या चार पिढ्या जगल्या." चालक कागल येईपर्यंत विचार करीत होता.

पुतण्याला सुंठ लागू पडली नाही. त्याने निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव या तिन्ही ठिकाणी गाडी थांबवली. प्रत्येक थांब्यावर पुरुषमंडळी मात्र अशा गंभीर चेहऱ्याने खाली उतरत, जणू तेथील बाजार समितीनेच त्यांना बोलावून घेतले आहे.

आसनांची व्यवस्था हा स्वतंत्र अध्याय होईल. यजमान चालकामागील डाव्या आसनावर, दीर अगदी मागे उजवीकडे. गाडीत याहून लांबचे अंतर उपलब्ध नव्हते. दोघांच्या मांडीवर दोन वह्या होत्या. प्रवासाचा खर्च निम्मा निम्मा, म्हणून दोघेही तोच खर्च स्वतंत्रपणे लिहीत होते. टोलनाका आला की पुढून विचारणा होई, "काकांना विचार, किती धरले?" मागून उत्तर येई, "पप्पांना सांग, पावतीप्रमाणे." हुबळीत दुपारचे जेवण उरकल्यावर वह्या ताडून पाहिल्या तेव्हा चाळीस रुपयांचा फरक निघाला. यजमानांच्या वहीत "किरकोळ ४०" अशी नोंद होती. दिरांनी मुलीकरवी विचारले, "किरकोळ म्हणजे कशाचे?" यजमानांना ते आठवेना. बिननावाची रक्कम मान्य करणारा व्यापारी आमच्या घराण्यात अद्याप जन्मलेला नाही. गाडी पुढे निघाली ती हा फरक घेऊनच.

हावेरीच्या पुढे मोटेबेन्नूरला ब्याडगीचा फाटा आला. दिरांनी वाटणीनंतर मिरचीतही हात घातला आहे, ते म्हणाले, "दहा मिनिटे आत जाऊन येतो, भाव विचारतो." ब्याडगीची मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य, तिचा रंग काढून अर्क करणारे कारखानेसुद्धा तिच्यावर चालतात. तिच्या बाजारात शिरणे म्हणजे लाल रंगाच्या समुद्रात शिरणे. गाडीतील तेरा जणांना एकदम शिंका सुरू झाल्या. दीर उतरले. यजमान पाच मिनिटे ताठ बसून राहिले. मग, पाय मोकळे करतो, असे कोणालाही उद्देशून न सांगता तेही उतरले.

अर्ध्या तासाने मी शोधावयास गेले. दोघे भाऊ एका ढिगापाशी उकिडवे बसले होते.

"ओल आहे," यजमान मिरची कानाशी धरून वाजवीत म्हणाले.

"ओल नाही दादा, देठ बघ. देठ मोडतोय."

"देठ मोडतोय, पण बी वाजत नाही."

दोन वर्षांत मी ऐकलेले त्यांचे हे पहिले थेट संभाषण. मी तशीच मागे फिरले. सासूबाईंनी खिडकीतून खुणेनेच विचारले, मी खुणेनेच सांगितले. नाकावर पदर धरून त्या म्हणाल्या, "बोलू दे. आपण शिंकत बसू." आम्ही एक तास वीस मिनिटे शिंकत बसलो.

त्या एक तास वीस मिनिटांची किंमत पुढे द्यावी लागली. सायंकाळचे जेवण साडेपाचला चित्रदुर्गात एका ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या घरी ठरले होते. दावणगेरे ओलांडले तेव्हाच सव्वापाच होत आले होते, आणि थोड्या वेळात मागचे चाक बसले. जादा चाक सामानाखाली. ते काढून बसवेतो पावणेसहा झाले. डिसेंबरअखेरीस त्या भागात सहा वाजून काही मिनिटांनी सूर्य मावळतो. चित्रदुर्ग अजून तीस किलोमीटर दूर. गाडीतील चार डबे पुतण्याच्या विश्रांतीच्या काळात रिकामे झाले होते. उरलेले सात टपावर होते, ताडपत्रीखाली, त्या सुप्रसिद्ध गाठीच्या आत.

सासूबाईंनी पश्चिमेकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "माझे राहू दे. मुलांचे बघा."

त्यानंतर जे घडले ते महामार्गावरील अनेक वाहनांनी वेग कमी करून पाहिले. यजमान टपावर चढावयास निघाले, पण गुडघ्याने नकार दिला. दीर त्यांना बाजूला सारून शिडीवरून वर गेले. ती गाठ सोडवू शकणारा जगात दुसरा माणूस तोच होता, कारण ती शिकवणारे वडील दोघांचेही होते.

"डावीकडची आधी!" खालून यजमान.

"ठाऊक आहे मला."

"ओढू नकोस, ढकल. ओढलीस की बसते."

"दादा, ही तू नेहमीसारखी बांधलेली नाहीस."

"दुहेरी घातली आहे. घाट आहे ना मध्ये."

"कुठला घाट? हुबळीपासून सपाट आहे!"

दोर सुटला. डबे हातोहात खाली आले. मक्याच्या कापलेल्या शेताच्या बांधावर अकरा जण उभ्याने जेवले. दूरच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या आणि त्यांच्या मागे सूर्य तांबडा होत खाली उतरत होता. एरवी ताटात चार घास टाकून उठणारी मुले त्या दिवशी धपाट्याचा तुकडासुद्धा टाकीनात. सासूबाईंनी दशमी दुधाशी खाल्ली, पाण्याचा शेवटचा घोट घेतला, हात जोडले. सूर्याची कड तेवढी शिल्लक होती. चालक म्हणाला, आजवर लग्नाची वऱ्हाडे नेली, निवडणुकीची माणसे नेली, पण सूर्याशी शर्यत लावून जेवणारी माणसे प्रथमच पाहिली.

तेरातून अकरा. टपावरची ताडपत्री पुन्हा अंथरून दोर आवळावयाचा होता. तो एकट्याच्याने आवळत नाही. दोघे खाली येऊन हात धुईतो उजेड होता, सूर्य नव्हता. जाऊबाईंनी आणि मी भरून ठेवलेली दोन ताटे तशीच झाकली. पुढच्या प्रवासात यजमान मागच्या आसनावर जाऊन बसले. हिरियूरला महामार्ग सोडला, हुळियार गेले, तिपटूर गेले. काळोखात खोबऱ्याच्या वखारी दिसत नव्हत्या, तरी मागून दोन उपाशी माणसांच्या आवाजात खोबऱ्याच्या भावाची चर्चा ऐकू येत होती. चन्नरायपट्टणमार्गे धर्मशाळेत पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते.

पहाटे विंध्यगिरी. कातळात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या, आणि त्या अनवाणी. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंसाठी डोली ठरवली होती. त्यांनी डोलीवाल्यांना नमस्कार करून परत पाठवले. दोन्ही बाजूंना दोघे मुलगे. निम्म्या वाटेवर त्या बसल्या आणि पुतण्याने गोष्ट विचारली. माझ्या कन्येने भरत-बाहुबलीची कथा सांगितली: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, जिंकलेल्या बाहुबलीने सोडून दिलेले राज्य.

"म्हणजे भावाभावांचे भांडण होते?" पुतण्या मोठ्याने म्हणाला. "मग राज्य कोणाला मिळाले?"

"भरताला."

"आणि बाहुबलीला काय मिळाले?"

कोणी बोलेना. यजमान पायरीचा दगड न्याहाळू लागले, दीर डोलीचे दर वाचू लागले. सासूबाईंनी काठी उचलून वर दाखवली आणि उठल्या.

उठता उठता त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. फेब्रुवारी १९८१ मध्ये मूर्तीच्या सहस्राब्दीच्या महामस्तकाभिषेकाला त्या मामंजींसह येथे आल्या होत्या. थोरला तेव्हा तीन वर्षांचा. आल्या दिवशीच त्याला ताप भरला. मामंजी वर जाऊन आले, येताना गंधोदक घेऊन आले. सासूबाई पायथ्याच्या तंबूत मुलाच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवीत बसून राहिल्या. त्यांना इंदिरा गांधींचे हेलिकॉप्टर तेवढे दिसले. "लोक म्हणाले, वरून फुले टाकली. मला तीही दिसली नाहीत." पुढचा अभिषेक आता २०३० मध्ये. "तेव्हाची गर्दी मला सोसणार नाही. म्हणून म्हटले, मोकळ्या वेळी बघून घ्यावा."

यजमान म्हणाले, "आई, कधी सांगितले नाहीस."

"तुला सांगून तुझा ताप उतरणार होता का?"

इ.स. ९८१ च्या सुमारास गंगराजाच्या मंत्र्याने, चावुंडरायाने, एकाच कातळातून घडवून घेतलेली ती सुमारे ५७ फुटांची मूर्ती. तिच्याविषयी मी लिहू नये. आपणांपैकी अनेकांनी ती पाहिली आहे. सासूबाई चरणांपाशी बराच वेळ बसल्या, एवढेच सांगते. पुतणीने शाळेत वाचलेला शिलालेख शोधून काढला. कानडी आणि तमिळ लेखांच्या सोबतीने तेथे नागरी अक्षरांत मराठीही कोरलेली आहे: श्रीचावुंडराजें करवियलें. दुसऱ्या बाजूस, भोवतालची आवारभिंत गंगराजाने करविल्याचा उल्लेख. ही भिंत पुढे बाराव्या शतकात झाली.

"म्हणजे मूर्ती एकाने केली, भिंत दुसऱ्याने," दीर म्हणाले.

"आणि दोघांचीही नावे घातली आहेत," यजमान म्हणाले.

सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "हिशोब चोख ठेवलाय."

परतीच्या प्रवासात पुतण्याला पुन्हा बेळगाव, संकेश्वर आणि निपाणी लागले, या वेळी उलट क्रमाने. गाळे अजून दोनच आहेत, मुनीमही दोन. वह्यांमधला चाळीस रुपयांचा फरकही निघालेला नाही. रविवारी दुपारी दीर आपली वही घेऊन आमच्याकडे येतात, यजमान आपली काढतात, आणि दोघे टोलनाक्यांपासून पुन्हा सुरुवात करतात. "किरकोळ" हे कशाचे, यावर तास-दोन तास जातात, चहा होतो, मधेच मिरची निघते.

हुबळीला मी यजमानांकडून चाळीस रुपये मागून घेतले होते. त्याचे दोन गजरे आले, एक मला, एक जाऊबाईंना. हे आम्ही दोघींनी अद्याप कोणाला सांगितलेले नाही.